बॉग कॉटनला ओली जमीन लागते

फिंटन हेशनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळाकडे पाहिलं आणि चहाचा कप बशीवर असा आदळला की चहा उडून पावावर पडला. आभाळ आजही निळं होतं. एखाद-दुसरा निळा दिवस बॅलीनारा गावाला चालतो. पण सलग तीन आठवडे? गावकरी एकमेकांना "काय सुंदर दिवस आहे!" म्हणत होते खरे, पण आवाज खाली ठेवून. एवढं ऊन फुकट कुणी देत नसतं, मागाहून बिल येणार, अशी सगळ्यांना धास्ती होती.

बिल आलंही होतं. फक्त ते एकट्या फिंटनच्या नावावर फाडलेलं होतं.

त्याच्या तबेल्यात सहा घोड्यांची सोय होती, घोडे चार होते, आणि त्यांतला घोडा म्हणावा असा एकच; तीही घोडी. बॉग कॉटन. दलदलीत कापसासारखं पांढरं गवत फुलतं त्याचं हे नाव. राखाडी अंग, कपाळावर पांढरा पुंजका, आणि नजर अशी की समोरच्याने खिशात काय लपवलंय ते तिला कळलंय असं वाटावं. बहुतेक वेळा कळलेलंही असायचं. फिंटनला बायको नव्हती. असती तर तिला हेवा करायला जागा होती.

घोडी मालकीची मात्र लेसीबाईंची. नवरा वारल्यावर बाईंनी त्याची बंदूक विकली, मोटार विकली, पाइपसुद्धा विकले, पण घोडी ठेवली. आता तीही जायची वेळ आली होती. मागच्याच महिन्यात बाई तबेल्यात येऊन बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या,

"हे बघा फिंटन, माझे गुडघे गेलेत आणि घराचं छप्पर माझ्या गुडघ्यांच्या वाटेवर आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशरचा एक गृहस्थ कॉटनला मागतोय. किलमोरनची शर्यत जिंकली तर ती राहील तुमच्याकडे. नाही जिंकली, तर तो तिला घेऊन जाईल. मला दुसरा उपाय दिसत नाही."

"जिंकेल हो बाई. फक्त पाऊस पडू दे."

"तो काय तुम्ही पाडणार?"

"आयर्लंडात पाऊस पाडावा लागत नाही बाई, थांबवावा लागतो," फिंटन हसून म्हणाला होता. त्या दिवसापासून टिपूस पडला नव्हता.

बॉग कॉटनला ओली जमीन लागते, ही गोष्ट बॅलीनाऱ्यात लहान मुलालाही ठाऊक होती. ती आजवर तीन शर्यती जिंकली, तिन्ही चिखलात. कोरड्या मैदानावर ती जेव्हा जेव्हा पळाली तेव्हा शेवटून मोजली तर चटकन सापडायची. आणि हे काही अंदाजपंचे नव्हतं. फिंटनने घोडी खुरापासून कानापर्यंत अभ्यासली होती. तिचे खूर ताटलीएवढे रुंद. असे खूर चिखलात रुतत नाहीत. पळताना गुडघे उंच उचलते. असा घोडा मऊ जमिनीतून पाय सहज काढून घेतो, टणक जमिनीवर मात्र प्रत्येक टापेला हिसका खातो. तिचा बापही चिखलातलाच गडी. भरीला, कोरड्या दिवशी ती मैदानावर यायची तीच घामाने निथळत. "ऊन सोसत नाही बिचारीला," फिंटन म्हणायचा. घोड्याची पारख करावी तर फिंटनने, हे त्याचे वैरीही मान्य करत. त्याला दोन वैरी होते. दोघेही शर्यतीच्या आधी हळूच येऊन त्यालाच विचारून जायचे.

विचारायचं कारण फिंटनची काठी. कोरड्या दिवशी तो किलमोरनला पोचला की घोडी तिथल्या तबेल्यात बांधायचा आणि बापाची अणकुचीदार काठी घेऊन अख्खं मैदान पायी फिरायचा. पावलापावलाला काठी जमिनीत खुपसायची, किती आत जाते ते बघायचं, वाकून गवत उपटायचं, मुळाशी लागलेली माती चिमटीत धरायची, हुंगायची. कुठे झाडाची सावली आहे, कुठे कुंपणाशी हातभर ओल उरली आहे, हे सगळं डोक्यात ठेवून परत यायचं आणि जॉकीला सांगायचं, "वळणावर आतून घे, तिथं जरा मऊ आहे." या फेरीत दुपार निघून जायची. पावसाच्या दिवशी हा खटाटोप नसे. गुडघाभर चिखलात काठी खुपसून काय कळायचं? मग तो लॉरीतच कॉटनशेजारी गवताच्या पेंढीवर बसायचा, थर्मासमधला चहा प्यायचा, अंड्याचं सँडविच तिला दाखवून एकटा खायचा आणि गावातल्या भानगडी तिच्या कानावर घालायचा.

तर आता प्रश्न पावसाचा होता. रेसकोर्सवाल्यांनी मैदानावर पाणी मारायचं तेवढं मारलं, मग त्यांच्या विहिरीनेच हात वर केले. आणि पाऊस कुणामुळे अडलाय हे फिंटनला पक्कं माहीत होतं. त्याची सख्खी थोरली बहीण असम्प्टा.

असम्प्टाच्या लेकीचं, ग्रॉन्याचं लग्न होतं, शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी. लग्नाच्या आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती घराबाहेर कुंपणाखाली ठेवली की लग्नाच्या दिवशी ऊन पडतं. तिकडे घरोघर पाळतात हे. पण असम्प्टा ही सगळ्या गोष्टी जरा जास्तीच्या करणारी बाई. पाहुणे अमेरिकेहून येणार, जेवणं अंगणात तंबूत होणार, म्हणून तिने मूर्ती तीन आठवडे आधीच बाहेर ठेवली. शेजारणींनीही मागे का राहावं? गल्लीतल्या सातही घरांच्या कुंपणाखाली लाल झगा, सोनेरी मुकुट घातलेला एकेक बाळ येशू आशीर्वादाचा हात वर करून उभा राहिला. एवढा बंदोबस्त झाल्यावर ढगाची काय बिशाद!

शुक्रवारी फिंटन बहिणीकडे गेला. ती तंबूचे खुंटे मोजत होती.

"असम्प्टा, तुझी मूर्ती दोन दिवस घरात घेतेस का गं? रविवारी संध्याकाळी परत ठेव बाहेर. उन्हातान्हात रंग उडतो त्याचा."

"रंगाची काळजी तुला कधीपासून? दहा वर्षं झाली, स्वतःचं दार रंगवलं नाहीस."

"बरं, खरं सांगतो. कॉटनसाठी एक सर हवी. एकच."

"म्हणजे तुझ्या घोडीसाठी माझ्या पोरीनं चिखलात लग्न करायचं? फिंट्या, ती घोडी आहे, भाची नाही तुझी."

"भाची इथंच राहणार आहे गं, पलीकडच्या गल्लीत. घोडी समुद्रापार जाईल."

असम्प्टाचं खुंटे मोजणं थांबलं. भावाचा त्या घोडीवर किती जीव आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण तंबूचं भाडं तिने भरलं होतं.

"मूर्तीला हात लावलास," ती म्हणाली, "तर तुझा हात मी लावेन कामाला. जन्मभर भांडी घासशील."

फिंटनने हात लावायचं ठरवलं, पण रीतीने. शनिवारी संध्याकाळीच तो चर्चमध्ये जाऊन रविवारची मिस्सा ऐकून आला. पाप करायचंच तर मागची बाकी ठेवून करू नये, असा त्याचा स्वभाव. रविवारी सकाळी घंटा वाजली, गल्ली रिकामी झाली, आणि फिंटनची लॉरी, आत कॉटन शर्यतीच्या तयारीनिशी उभी, गल्लीत शिरली.

"संध्याकाळपर्यंतच हं, देवा," असम्प्टाच्या कुंपणाखालची मूर्ती उचलताना तो छातीवर क्रुसाची खूण करत म्हणाला. "सहल समजा."

मूर्ती खोगिराखालच्या कापडात गुंडाळून त्याने कॉटनच्या पलीकडे पेंढ्यांमध्ये ठेवली. मग पुढचं घर. कॉटन मान वळवून प्रत्येक पाहुण्याला हुंगत होती. चौथी मूर्ती उचलली तेव्हा पश्चिमेच्या डोंगरामागून एका ढगाने डोकं काढलं. सहावीला वारा फिरला. सातवी लॉरीत ठेवून फिंटन स्टिअरिंगवर बसला तेव्हा ढग डोंगर उतरून खाली आला होता, काळा, भरलेला, थेट किलमोरनच्या दिशेने निघालेला. फिंटनचा ऊर भरून आला. गावाबाहेर पडताना समोरच्या काचेवर एक थेंब पडला.

तो थेंबच नडला. फिंटनने तो खरा आहे ना हे बघायला डोकं खिडकीबाहेर काढलं, आणि नदीवरच्या कमानीच्या पुलाला लॉरीचा वेग कमी करायचा हे विसरला. त्या पुलाचा उंचवटा गेली शंभर वर्षं तिथंच आहे. लॉरी उडाली, आपटली. मागे कॉटन रागाने खिंकाळली, आणि तिच्या खिंकाळण्यात "टण्, टण्" असा दुसराही काही आवाज मिसळला.

फिंटनने लॉरी थांबवून मागचं दार उघडलं. कॉटन ठणठणीत होती. सातांपैकी पाच मूर्तींची डोकी धडावेगळी होऊन गवतात पडली होती, मुकुटांसकट, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून.

बॅलीनाऱ्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. साधी मूर्ती ऊन पाडते. पण जिचं डोकं आपोआप निखळलं, ती मूर्ती म्हणजे हुकमी ऊन. मुद्दाम फोडून चालत नाही. अपघातानेच निखळावं लागतं. अशी एक मूर्ती घरात असावी म्हणून बायका जन्मभर वाट पाहतात. फिंटनकडे एका फटक्यात पाच झाल्या होत्या.

त्याने मान वर केली. ढग मधोमध फाटला होता. पाठीवर ऊन चटका देऊ लागलं.

किलमोरनला पोचेपर्यंत आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. लॉरी लावून फिंटन काठी घ्यायला उठला आणि समोरच्या काचेतून त्याला फाटकाशी एक हिरवी टोपी दिसली. टोपीखाली असम्प्टा होती. तिच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बायका, मिस्सेच्याच कपड्यांत. मूर्ती जाग्यावर नाहीत हे कळल्यावर त्यांनी चोर शोधायला वेळ घालवला नव्हता.

फिंटन वाकून, जवळजवळ रांगत, कॉटनपाशी मागे गेला आणि आतून कडी लावली.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "फिंटन? मी ऊना." कॉटनची जॉकी, ऊना ब्रेहनी. "आत काय करताय? मैदान बघायला नाही जायचं? काठी कुठाय?"

त्याने फटीतून काठी बाहेर सरकवली. "आज तू फिर."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"खुपसायची. आत गेली तर मऊ, नाही गेली तर कडक. आणि हिरव्या टोपीची बाई भेटली तर मी मेलो म्हणून सांग."

"ती मघाशी तेच म्हणाली. पण तिचं म्हणणं, संध्याकाळपर्यंत मराल."

ऊना गेली. फिंटनने पेटीतून नाल चिकटवायचा गोंद काढला, एक धड मांडीवर घेतलं, आणि कॉटनला सगळं पहिल्यापासून सांगायला बसला. दुपारभर सांगत होता. तिला जिंकता येणार नाही, यात तिचा काही दोष नाही. यॉर्कशरची माणसं वाईट नसतात, बोलतात कमी एवढंच. तिथं तिला रोज मऊ जमीन मिळेल. त्याचा आवाज चिरकायला लागला तशी कॉटनने हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली आणि मग, संधी साधून, त्याच्या खिशातलं सँडविच कागदासकट काढून घेतलं.

ऊना परत आली तेव्हा काठीचं टोक वाकलेलं होतं. "मैदानापेक्षा डांबरी सडक बरी," ती म्हणाली. "चला. शर्यतीची वेळ झाली."

आता बाहेर तर पडायला हवंच होतं. फिंटनने खोगीर आतच चढवलं आणि लगाम धरून तो कॉटनच्या कुशीला असा चिकटून निघाला की पलीकडून बघणाऱ्याला घोडीला सहा पाय आहेत असं वाटावं. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात त्या रिंगणात असम्प्टा डावीकडे दिसली की तो घोडीच्या उजवीकडे, ती उजवीकडे आली की हा डावीकडे.

"हेशनला झालंय काय?" त्याच्या दोन वैऱ्यांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला. "घोडीला चिकटून चाललाय. जमीन बघायला पण नाही गेला."

"आशा सोडली असेल. या जमिनीवर तिला कोण विचारतो!"

मग शर्यत सुटली, आणि पुढचं किलमोरनमध्ये अजून सांगतात. पहिल्या वळणापर्यंत राखाडी अंग घोळक्यात कुठंतरी मध्ये होतं. फिंटन कुंपणाला धरून डोळे मिटून उभा होता. त्याला टापा ऐकू येत होत्या, आणि त्या त्याच्या ओळखीच्या नव्हत्या. म्हणजे टापा कॉटनच्या, पण हिसका नसलेल्या. त्याने डोळे उघडले. कॉटन गुडघे उंच उचलत होती खरी, पण ओझं वाहणाऱ्यासारखी नव्हे, मिरवणुकीतल्या राणीसारखी. शेवटच्या वळणावर ऊनाने लगाम नुसता सैल केला. चाबूक हललाही नाही. कान पुढे टवकारलेले, मान लांबवलेली, ती एकेका घोड्याशेजारून अशी निघून गेली, जणू रस्त्यात ओळखीचं माणूस भेटावं आणि तिला थांबायला वेळ नसावा. पैज लावलेली माणसंही ओरडायची थांबली होती. इतकं सुंदर काही चाललं असलं की माणूस ओरडत नाही. मध्ये चार घोडे मावतील एवढ्या अंतराने जिंकली.

लेसीबाई काठी टेकत येऊन पोचल्या तेव्हा फिंटन घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभा होता.

"ओली जमीन लागते म्हणे!" बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून आवाज जास्तच करडा निघाला. "दोन वर्षं तुम्ही मला पावसाची वाट बघायला लावलीत?"

"बाई, शपथेवर सांगतो, मला काही कळत नाही. खूर बघा, गुडघे बघा..."

"एक गंमत आहे मात्र," ऊना खोगीर सोडवत म्हणाली. "नेहमी कोरड्या दिवशी ही माझ्याकडे येते तीच घामाने भिजलेली, थरथरत. शर्यत सुरू व्हायच्या आधीच अर्धी संपलेली. आज एवढं ऊन, आणि सुटेपर्यंत अंगावर घामाचा थेंब नव्हता. आज वेगळं काय केलंत?"

"काहीच नाही. आज मी तर मैदान बघायलासुद्धा..."

फिंटन थांबला. पावसाचे तीन दिवस त्याच्या डोळ्यांपुढून गेले: लॉरी, थर्मास, गावच्या भानगडी. मग कोरडे सगळे दिवस गेले: परकी पागा, परके आवाज, आणि दूर मैदानावर पाठमोरा, जमिनीत काठी खुपसत चाललेला तो स्वतः. त्याने घोडीचे खूर पाहिले होते, गुडघे पाहिले होते, तिच्या बापाची वंशावळ पाहिली होती. घोडी कुणाची वाट बघते एवढंच पाहायचं राहिलं होतं.

"म्हणजे चिखल नव्हे, तुम्ही लागता तिला," लेसीबाई सावकाश म्हणाल्या. त्यांना घोड्यांपेक्षा माणसं जास्त कळायची. "बिचारी. मला वाटायचं माणूस निवडण्यात ती माझ्यापेक्षा शहाणी असेल. असो. यॉर्कशरला मी नकार कळवते."

फिंटन काही बोलणार तोच त्याच्या कॉलरला मागून हात पडला.

"फिंट्या," असम्प्टा म्हणाली, "माझा बाळ येशू कुठाय?"

लपायला आता घोडीही उरली नव्हती; ऊना तिला फिरवायला घेऊन गेली होती. फिंटनने सगळं कबूल केलं. पूल आला तिथं त्याचा आवाज अगदीच खाली गेला. "...आणि त्या दणक्यात पाच मूर्तींची डोकी... म्हणजे निखळली."

कॉलरवरची पकड सैल झाली. मागच्या बायका पुढे सरकल्या.

"निखळली? आपोआप?"

"माझा काही हेतू नव्हता गं, देवाशपथ!"

"पाच?" असम्प्टाने छातीवर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की फिंटनला ती लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीच्या दिवशी दिसली होती तशी दिसली. "अगं बायांनो, उद्या लग्नाला पाच बिनडोक्याचे! पाच! कार्डिनलच्या भाचीलासुद्धा मिळाले नसतील. फिंट्या, सोन्या, आण पाहू बाहेर."

"पण घाबरू नकोस," फिंटन उत्साहाने म्हणाला, "मी सगळी डोकी पुन्हा चिकटवलीत. नालेच्या गोंदाने. आता घोड्याने लाथ मारली तरी निघायची नाहीत."

असम्प्टाचा छातीवरचा हात खाली आला.

"तुला," ती म्हणाली, "चिकटवायला कुणी सांगितलं होतं?"

लॉरीत जाऊन बायकांनी एकेक मूर्ती ओढून पाहिली, मुरगळून पाहिली. गोंद अस्सल होता. त्यातून कॉलिन्सबाईंच्या मूर्तीवर ब्रेडीबाईंचं डोकं बसलं होतं, तो वाद वेगळाच. संध्याकाळी फादर मलाकींना विचारलं, चिकटवलेलं डोकं निखळलेलं धरतात का? त्यांनी बराच विचार करून, यावर रोमने अजून काही ठरवलेलं नाही, असं सांगितलं.

सोमवारी ग्रॉन्याच्या लग्नात धो धो पाऊस पडला. तंबू गळला, अमेरिकेचे पाहुणे भिजले आणि म्हणाले की आयर्लंड अगदी फोटोत असतं तसंच आहे. फिंटन दिवसभर भांडी घासत होता. कुणी काही बोललं तर मान डोलावत होता, आणि मधूनच, कारण नसताना, हसत होता.

बॉग कॉटनची पुढची शर्यत ऑक्टोबरात होती, आणि पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. वर्तमानपत्रात छापून आलं होतं: 'या घोडीला कोरडी, टणक जमीन मानवते, चिखलात हिच्याकडून अपेक्षा नको.' फिंटनच्या बापाची काठी तेव्हा असम्प्टाच्या परसात वाटाण्याच्या वेलाखाली उभी होती. त्याचे दोन्ही वैरी छत्र्या धरून, एकामागून एक, लॉरीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"काय फिंटन, जमीन कशी आहे आज?"

"काही कल्पना नाही," फिंटन आतून म्हणाला. त्याने सँडविचची दोन भकलं केली, मोठं कॉटनला दिलं, आणि दार लावून घेतलं. ब्रेडीबाईंच्या डोक्याची भानगड अर्ध्यावर राहिली होती.